व्रण विचारावा कीं झांकूं द्यावा?

मावळांतील पाऊस ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, श्रावणांत लोणावळ्यास गेलेला मनुष्य परत केव्हां निघेल हें त्याच्या हातीं नसतें. गेल्या वर्षीं आमचें तसेंच झालें. मंडळींतील एका आजारी गृहस्थांच्या समाचारास आम्ही गेलों होतों. दुपारीं पावसानें असा जोर धरला कीं, संध्याकाळची गाडी सोडून देऊन आम्हांस एका वृद्ध दांपत्याच्या घरीं मुक्काम करावा लागला. घरच्या बाईंनीं आपला सारा जन्म परिचारिकेच्या कामांत घालविला होता. जेवणें झालीं, विजेचे दिवे गेले, आणि कंदिलाच्या उजेडांत त्यांनीं आम्हांस एक प्रश्न विचारला. तो आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तो दवाखान्यांत उपजलेला असला, तरी ज्यास ज्यास दुसऱ्याच्या दुःखाजवळ जावें लागतें त्या प्रत्येकाचा तो आहे.

या बाईंनीं ऐन उमेदीचीं कांहीं वर्षें हिमाचल प्रदेशांत तिबेटी निर्वासितांच्या एका दवाखान्यांत काढिलीं होतीं. हे लोक आमच्या वाचकांस अगदींच परके नाहींत. थंडीच्या दिवसांत पुण्यास लोकरीचे कपडे विकीत रस्त्याच्या कडेला बसणारीं तिबेटी माणसें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. १९५९ सालीं दलाई लामा तिबेट सोडून हिंदुस्थानांत आले, आणि त्यांच्यामागून सुमारें ८०,००० माणसें हिमालय ओलांडून आलीं. आपल्या महाराष्ट्रांतही, गोंदिया जिल्ह्यांत गोठणगांवाजवळ, १९७२ पासून त्यांची एक वसाहत आहे. पुढें कित्येक वर्षें दरसाल नवीं माणसें बर्फ तुडवीत नेपाळमार्गें येत राहिलीं. त्यांत तुरुंग भोगून आलेले पुष्कळ होते.

बाईंचें काम असें कीं, नवीन आलेल्या प्रत्येकाची तपासणी करावयाची. वजन घ्यावें, खोकला विचारावा, क्षयासाठीं थुंकी तपासावयास पाठवावी, बर्फानें बोटें काळीं पडलीं असल्यास मलमपट्टी करावी. एके दिवशीं चाळिशीच्या आंतबाहेरचा एक मनुष्य आला. डोकें दुखतें, झोंप येत नाहीं, एवढेंच त्याचें गाऱ्हाणें. बाईंनीं रक्तदाब मोजण्याचा पट्टा त्याच्या दंडास गुंडाळिला व फुगविला. तोंच त्याच्या कपाळावर घाम आला, आणि तो थरथरूं लागला. बाईंनीं कागदावर आंकडा लिहिला, ‘दाब जास्त’ असें नोंदिलें आणि गोळ्या दिल्या. असे तीन महिने गेले. मग त्याच्या बरोबरच्या एका म्हातारीकडून कळलें कीं, तुरुंगांत त्याचे दंड करकचून बांधून त्यास टांगीत असत. बाईंनीं त्यास हळूच विचारलें, “हें आधीं कां सांगितलें नाहींत?” तो म्हणाला, “तुम्हीं खोकला विचारला, ताप विचारला, जुलाब विचारले. हें कोणीं विचारलें नाहीं. मला वाटलें, येथें हें बोलावयाचें नसतें.”

बाईंच्या मनास हें फार लागलें. त्या दिवसापासून त्यांनीं ठरविलें कीं, आतां प्रत्येकास विचारावयाचें. थोड्याच दिवसांनीं एक तरुण भिक्षुणी आली. पडवींत दहापांच माणसें बसलेलीं. दुभाषी म्हणून तिच्याच खोऱ्यांतला एक मुलगा उभा. बाईंनीं विचारलें, “तुम्हांस तुरुंगांत मारहाण झाली काय? आणखी कांहीं केलें काय?” मुलानें तें तिच्या भाषेंत सांगितलें. तिनें खालीं पाहिलें, “नाहीं” म्हटलें, आणि ती जी गेली ती पुन्हा दवाखान्यांत आलीच नाहीं.

“पाळकसाहेब,” बाई म्हणाल्या, “एकास मीं न विचारून दुखविलें, दुसरीस विचारून दुखविलें. मग मीं करावें तरी काय?”

त्या रात्रीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दुःखितांचें ऐकून घेणें हें आमचें नित्याचें काम असतां, या प्रश्नापुढें आम्ही गप्प झालों. त्यानंतर आम्हीं या विषयावर पुष्कळ विचार केला व कांहीं वाचनही केलें.

प्रथम, छळ म्हणजे काय तें स्पष्ट समजून घेतलें पाहिजे. दुष्काळ, रोगराई, दारिद्र्य हींही दुःखेंच. परंतु तीं छळ नव्हेत. संयुक्त राष्ट्रांनीं १९८४ सालीं जो करार केला त्यांत छळाची व्याख्या आहे. तिचें सार असें कीं, सत्ताधाऱ्यानें, किंवा त्याच्या संमतीनें दुसऱ्या कोणीं, कबुली काढण्यासाठीं, शिक्षा म्हणून किंवा धाक बसविण्यासाठीं, मनुष्याच्या शरीरास वा मनास बुद्धिपुरस्सर तीव्र यातना देणें म्हणजे छळ. यांतील ‘कबुली काढण्यासाठीं’ हे शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावे. छळणाऱ्याच्या हातीं काठी असते आणि तोंडीं प्रश्न असतो. एक खोली असते, एक मेज असतें, कागद घेऊन बसलेला एक अंमलदार असतो. नांव काय, गांव कोणतें, बरोबर कोण होतें, असें विचारीत विचारीत मारिलें जातें.

आतां हाच मनुष्य पळून परक्या मुलखांत येतो. तेथें त्याची तपासणी व्हावयाची असते. पुन्हा एक खोली, पुन्हा एक मेज, पुन्हा कागद घेऊन बसलेलें कोणी. नांव काय, गांव कोणतें? विचारणाऱ्याच्या मनांत दया असते हें खरें. पण ती त्यास दिसावी कशी? त्यास दिसतो तो प्रश्न, आणि प्रश्नाची व त्याची पूर्वींची ओळख आहे. लोणावळ्याच्या बाईंनीं सांगितलेल्या त्या भिक्षुणीचें मौन आम्हांस येथें समजलें.

यावरून कोणी म्हणेल, मग विचारूंच नये. जखम भरत आली असेल तर खपली कां काढावी? हें बोलणें दयेचें दिसतें, व कित्येक वेळां तें खरेंही असतें. परंतु आम्हीं आपलें अंतःकरण तपासून पाहिलें तेव्हां आढळलें कीं, न विचारण्यांत पुष्कळदां दयेपेक्षां भय अधिक असतें. विचारलें आणि त्यानें सांगितलें तर ऐकावें लागेल. ऐकलें तर कांहीं करावें लागेल. आणि आज रांगेंत अजून तीस माणसें उभीं आहेत. म्हणून आपण खोकला विचारतों. त्यास मात्र आपल्या मौनाचा अर्थ निराळाच लागतो. छळणाऱ्यानें त्यास सांगितलेलें असतें कीं, तूं ओरडलास तरी कोणी ऐकणार नाहीं, बाहेर गेलास तरी कोणी खरें मानणार नाहीं. आपण गप्प राहिलों म्हणजे छळणाऱ्याच्या त्या शब्दांवर नकळत आपली सही पडते.

अंगाची तपासणी होते आणि मनुष्याची राहून जाते, याचें एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्राशीं जोडलेलें आहे. १९३९ सालीं पूर्व पोलंड रशियाच्या सोव्हिएट सरकारच्या ताब्यांत गेला, आणि १९४० व १९४१ या सालांत तेथील असंख्य कुटुंबें सैबेरिया व कझाकस्तान येथें हद्दपार करण्यांत आलीं. लांकूडतोडीचें व खाणींचें सक्तीचें काम, उपासमार आणि थंडी यांनीं पुष्कळ मेलीं. १९४१ मध्यें सुटकेचा हुकूम झाल्यावर, १९४२ सालीं लाखाहून अधिक माणसें कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरांत उतरलीं. त्यांच्या अंगावर उवा होत्या व उवांबरोबर टायफस ज्वर होता. म्हणून तेथें त्यांचे कपडे जाळिले, त्यांस आंघोळी घातल्या आणि डोकीं भादरलीं. हें करणें अवश्य होतें. त्याशिवाय साथ आटोक्यांत येती ना. परंतु वाचकहो, छावणींतून नुकत्याच सुटलेल्या त्या स्त्रियांचा विचार करा. त्यांचीं वस्त्रें व त्यांचे केंस पुन्हा एकदां हुकमानें गेले, आणि या वेळीं ते घेणारे हात उपकारकर्त्यांचे होते.

यांतील सुमारें ५,००० माणसें, बहुतेक स्त्रिया, मुलें व वृद्ध, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडें येथील छावणींत राहिलीं. तेथें त्यांच्या शाळा होत्या, देऊळ होतें, दवाखाना होता. कोल्हापूरच्या लोकांनीं त्यांस चांगलें वागविलें, आणि तें प्रेम ते विसरले नाहींत. कोल्हापुरांत व वॉर्सा शहरांतही त्याचीं स्मारकें उभीं आहेत. परंतु भूतकाळाच्या भयानें मनुष्य वर्षांनुवर्षें झोंपेंतून दचकून उठतो, या दुखण्यास वैद्यकांत स्वतंत्र नांव १९८० सालीं मिळालें. वळिवड्याच्या काळीं तें नांव नव्हतें. हिंवताप मोजला जाई. रात्रींचें दचकणें कोण मोजणार? पुढें जे पोलंडास परत गेले त्यांस तेथील राजवटींत सैबेरियाचें नांवही उघडपणें काढतां येईना. पोल लोक गेल्यावर त्याच ठिकाणीं फाळणींत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित येऊन राहिले. आजचें गांधीनगर तें हेंच. एकाच जागेनें दोन देशांचीं दुःखें पाहिलीं.

येथवर न विचारण्याची गोष्ट झाली. आतां दयेवांचून केलेल्या तपासणीची गोष्ट. ती तर आमच्या पुणें जिल्ह्यांतलीच आहे. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग पेटला असतां सरकारनें रँड साहेबांच्या हाताखालीं कमिटी नेमली. गोऱ्या सोल्जरांच्या टोळ्या घराघरांत शिरून रोगी शोधूं लागल्या. संशयितांस दवाखान्यांत व त्यांच्या सोबत्यांस वेगळ्या छावणींत नेण्यांत येई. हेतु रोग थांबविण्याचा होता. परंतु देवघरें व माजघरें तुडविलीं गेलीं, स्त्रियांची अब्रू संभाळली गेली नाहीं, असा सर्वत्र आक्रोश झाला. २२ जून १८९७ च्या रात्रीं रँड यांजवर गोळी झाडण्यांत आली, आणि पुढें ३ जुलै रोजीं ते मरण पावले. त्या कृत्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. आम्हांस दाखवावयाचें तें इतकेंच कीं, वैद्यकीय तपासणी हीच एक यातना होऊं शकते, आणि असें आपल्या आजोबापणजोबांच्या डोळ्यांदेखत घडलें आहे.

त्याच सालीं पंडिता रमाबाई यांनीं ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत लिहून प्लेगच्या दवाखान्यांतील व छावणींतील स्त्रियांच्या हालांविषयीं गाऱ्हाणें केलें. सरकारनें तें मान्य केलें नाहीं. नामदार गोखले तेव्हां विलायतेंत होते. पुण्याच्या मित्रांनीं धाडलेल्या पत्रांवरून त्यांनीं तेथील वर्तमानपत्रास सांगितलें कीं, सोल्जरांकडून स्त्रियांवर अत्याचार झाले. स्वदेशीं परत आल्यावर त्यांजकडे पुरावा मागण्यांत आला. पत्रें लिहिणारे पुढें येईनात, आणि गोखल्यांस जाहीर माफी मागावी लागली.

या प्रसंगाचा आम्ही वारंवार विचार केला आहे. अत्याचार झाले कीं नाहींत याचा निवाडा आज आम्ही करूं शकत नाहीं. परंतु एवढें उघड आहे कीं, ज्या समाजांत अत्याचार सोसलेलीचीच अब्रू जाते आणि साक्ष देणाऱ्यासच धोका असतो, तेथें पुरावा नसणें हें गुन्हा नसल्याचें प्रमाण होत नाहीं. विचारणाऱ्यानें सांगणाऱ्याचें रक्षण केलें नाहीं, तर सांगणारा कां सांगेल? त्या भिक्षुणीसमोर तिच्याच खोऱ्यांतला मुलगा दुभाषी म्हणून उभा होता. तिनें उत्तर दिलें असतें, तर आठ दिवसांत तें तिच्या साऱ्या लोकांत पसरलें असतें. तिनें “नाहीं” म्हटलें यांत खोटेपणा नव्हता. आपलें रक्षण तिनें आपणच केलें.

या गोष्टी अनुभवानें शिकून जगांतील वैद्यांनीं आतां कांहीं नियम बांधिले आहेत. १९७५ सालीं टोकियो येथें जागतिक वैद्यक संघटनेनें जाहीर केलें कीं, कोणत्याही कारणास्तव डॉक्टरानें छळांत भाग घेऊं नये. १९९९ सालीं १५ देशांतील ७५ हून अधिक तज्ज्ञांनीं तीन वर्षें खपून छळाची तपासणी कशी करावी याचें एक पुस्तक तयार केलें. त्यास ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ म्हणतात, व २०२२ सालीं तें सुधारून पुन्हा निघालें आहे. त्यांतील वैद्यकीय भाग आमच्या कामाचा नाहीं. परंतु त्याच्या मुळाशीं जें आहे तें कोणत्याही खेडुतास समजेल. तपासणी एकांतांत व्हावी. कां विचारीत आहों, आणि सांगितलेलें कोणास कळेल, हें आधीं सांगावें. दुभाषी विश्वासाचा असावा. घरचा, नात्याचा किंवा गांवचा नसावा. स्त्रीस हवी असल्यास स्त्रीच असावी. आणि समोरच्या मनुष्यास वाटेल तेथें थांबण्याची, विश्रांति घेण्याची, उत्तर न देण्याची मोकळीक असावी.

व्रण पाहून वैद्यानें काय म्हणावें याच्याही तेथें पायऱ्या लाविल्या आहेत. ही खूण सांगितलेल्या हकीकतीशीं जुळत नाहीं, जुळते, पण दुसऱ्या कारणांनींही झाली असेल, चांगलीच जुळते, अशा छळांत सहसा आढळते तशीच आहे, किंवा दुसऱ्या कशानेंही झालेली नसावी. अशी ही पांच पायऱ्यांची भाषा आहे. तींत रागही नाहीं आणि भाबडेपणाही नाहीं. त्याबरोबर हेंही स्पष्ट केलें आहे कीं, खूण नसली म्हणून छळ झाला नाहीं असें होत नाहीं. कारण पुष्कळ यातना खूण राहूं नये अशाच बेतानें दिल्या जातात.

येथें एक शंका येते. आश्रय मिळावा म्हणून कोणी खोटें सांगितलें तर? असे लोक असतात हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु निर्वासितांची पारख करणारे अंमलदार ज्या गोष्टीवरून मनुष्यास लबाड ठरवितात ती पुष्कळदां एवढीच असते कीं, तो तारखा चुकतो, आज एक सांगतो व उद्यां थोडें निराळें सांगतो. ज्यास डोळे बांधून कोंडलें, ज्यास रात्र व दिवस कळूं दिला नाहीं, त्याच्या आठवणी पंचांगाप्रमाणें कशा असतील? पाल्देन ग्यात्सो नांवाच्या एका तिबेटी भिक्षूनें ३३ वर्षें तुरुंगांत व सक्तीच्या छावण्यांत काढिलीं. १९९२ सालीं सुटून तो हिंदुस्थानांत आला, तेव्हां पहारेकऱ्यांस लांच देऊन मिळविलेलीं छळाचीं हत्यारें त्यानें बरोबर आणिलीं होतीं. १९९५ सालीं त्यानें जिनिव्हा येथें संयुक्त राष्ट्रांपुढें साक्ष दिली. २०१८ सालीं तो वारला. आपला शब्द कोणी मानणार नाहीं ही खात्री किती खोल असावी, कीं मनुष्यानें ज्या वस्तूंनीं आपणांस मारिलें त्याच जपून आणाव्या! प्रत्येकास असा पुरावा आणतां येत नाहीं. म्हणून प्रथम विश्वासानें ऐकावें, आणि पारख पुढें सावकाश करावी. प्रथम संशय धरला तर पारख करण्यासारखें कांहीं कानीं पडतच नाहीं.

दुसरी शंका अधिक कठीण आहे. ऐकून घेतलें, पण करतां कांहीं येत नसेल, तर विचारावें काय? आपल्या देशाची स्थिति पाहतां ही शंका पोकळ नाहीं. निर्वासितांविषयींच्या १९५१ सालच्या करारांत हिंदुस्थान सामील झालेला नाहीं. छळाविरुद्धच्या करारावर १९९७ सालीं सही झाली. पण तो अद्याप कायम केलेला नाहीं. छळ थांबविण्याचें एक बिल २०१० सालीं लोकसभेंत पसार झालें. पुढें तें तसेंच रद्द झालें. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एक चांगला निर्णय दिला कीं, अटकेंत असलेल्या मनुष्याची दर ४८ तासांनीं डॉक्टराकडून तपासणी व्हावी. हें लहान छत्र आहे. पण तें वैद्याच्याच हातीं दिलेलें आहे. त्यानें खरें पाहून खरें लिहिलें, तर तो कागद पुढें कधींतरी कामास येतो. आणि कागद कामास न आला तरी, एका माणसानें आपलें ऐकलें, तो उठून गेला नाहीं व त्यानें तोंड फिरविलें नाहीं, एवढ्यानेंही दुःखिताच्या मनावरचें ओझें कांहीं हलकें होतें.

मात्र हें ओझें जातें कोठें, तेंही सांगितलें पाहिजे. तें ऐकणाऱ्याच्या खांद्यावर येतें. लोणावळ्याच्या बाई म्हणाल्या कीं, अशा हकीकती ऐकूं लागल्यापासून त्यांस स्वतःस झोंप येईना. घरीं आल्यावर मुलांवर उगीच राग निघे. दार जोरानें आपटलें तरी छाती धडधडे. आपण दुबळ्या आहों असें वाटून त्यांनीं हें कोणास सांगितलें नाहीं. वाचकहो, पाहा: दुसऱ्यांचें मौन सोडविणारी बाई स्वतः मौनांत सांपडली. दुःख ऐकण्याच्या कामावर ज्यास नेमावें, त्याचेंही ऐकणारा कोणी असावा. आमच्या उपदेशकबंधूंस व बायबल-बाईंस हें विशेषेंकरून सांगावेंसें वाटतें. विश्वासानें सांगितलेलें गुपित फोडूं नका. पण आपल्या मनाचा भार आपल्या पाळकाजवळ किंवा वडील सोबत्याजवळ अवश्य उतरवा.

आतां कोणी म्हणेल, आमच्या गांवीं निर्वासित कोठें आहेत? गांवकुसाबाहेर पाहावें. वीटभट्ट्यांवर उचल घेऊन राबणारीं कातकरी कुटुंबें आहेत. वेठबिगार १९७६ च्या कायद्यानें बंद झाली. पण उचल फिटेपर्यंत भट्टी सोडूं न देणें आणि सोडल्यास मारणें हें जागोजाग घडत आलें आहे. परमुलखांतून बांधकामावर आलेले मजूर आहेत. रात्रीं माहेरीं पळून आलेली सून आहे. वर जी व्याख्या सांगितली तिच्या नेमक्या अर्थानें हा सर्व छळ ठरेल असें नाहीं. परंतु मुकादमाच्या, मालकाच्या किंवा नवऱ्याच्या धाकाखालीं मार सोसलेला मनुष्य त्या तिबेटी माणसासारखाच पोटदुखी व डोकेंदुखी सांगतो, आणि आंतलें सांगत नाहीं. मुंबईस वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत २००० सालीं ‘दिलासा’ नांवाचें केंद्र निघालें, तें याचसाठीं. घरीं मार खाल्लेल्या स्त्रियांस दवाखान्यांतल्या दवाखान्यांतच ओळखावें व आधार द्यावा, हा त्याचा उद्देश.

मुकादम उभा असतां भट्टीवरच्या बाईस “हा वळ कशाचा?” असें कधींही विचारूं नका, ती “पडलें” म्हणेल, आणि तुम्ही गेल्यावर तिला आणखी एक वळ उठेल. सासू बसली असतां सुनेस विचारूं नका. तसेंच, ऐकून पुढें काय करणार हें ठाऊक नसतां नुसत्या जिज्ञासेनें विचारूं नका. दवाखाना कोठें आहे, कायद्याची मदत कोण देतें, रात्रीं आसरा कोठें मिळेल, हें आधीं माहीत करून घ्या. आणि ऐकलेली हकीकत, नांव गाळून कां होईना, प्रार्थनासभेंत दाखला म्हणून सांगूं नका. हा दोष आम्हां उपदेश करणाऱ्यांत फार आहे, व आमच्याही हातून तो घडला आहे.

चोरांच्या हातीं सांपडलेल्या वाटसरूचा दाखला आपण सर्व जाणतों. त्या शोमरोन्यानें, तुला कोणीं मारलें, असें विचारल्याचें त्यांत नाहीं. विचारण्याची गरज नव्हती. जखमा उघड्या होत्या. आपल्यापुढें येणाऱ्यांच्या जखमा वस्त्राखालीं असतात, म्हणून आपणांस विचारावें लागतें. पण त्यानें पुढें जें केलें तें विचारणाऱ्यानें विसरूं नये. तो रात्रभर जवळ राहिला, दुसऱ्या दिवसाची तजवीज करून गेला, आणि परत येण्याचा त्यानें शब्द दिला. ज्यास परत यावयाचें नाहीं त्यानें वस्त्र उचलूं नये.

तेव्हां बाईंच्या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे. विचारणें हें आपलें कर्तव्य आहे. उत्तर मिळणें हा आपला हक्क नव्हे. छळणाऱ्याच्या प्रश्नास “नाहीं” म्हणतां येत नव्हतें. आपल्या प्रश्नास सुखानें “नाहीं” म्हणतां आलें पाहिजे. दुःखितास जेथें नकार देतां येतो, तेथेंच त्याची भीड हळूहळू सुटते.

पुढें दिवाळीच्या सुमारास आम्हीं हें बाईंस सांगितलें, तेव्हां त्या हंसल्या. आम्हीं इतक्या विचारानें जें काढिलें तें त्यांस शेवटच्या वर्षांत हातांनींच समजलें होतें. त्या रोग्यास दाराजवळच्या खुर्चीवर बसवीत व कडी लावीत नसत. रक्तदाबाचा पट्टा आधीं त्याच्या हातीं देत, आणि म्हणत, “पुष्कळांस तुरुंगांत त्रास झालेला असतो. तुम्हांस सांगावयाचें असेल तर मी ऐकेन. नसेल तर आज नुसतें वजन करूं. मी उद्यांही येथेंच आहें.” कोणी त्याच दिवशीं सांगत, कोणी सहा महिन्यांनीं, कोणी कधींच नाहीं. ज्याचे दंड बांधिले होते त्या मनुष्याची झोंप पुरती सुधारली नाहीं, परंतु पट्टा तो आपल्या हातानें बांधूं लागला. ती भिक्षुणी मात्र पुन्हा आली नाहीं. बाई अद्याप तिचें नांव घेऊन प्रार्थना करितात. आम्हींही त्या दिवशीं त्यांच्याबरोबर केली.